वीर्यपरीक्षण : अर्थ आणि मर्यादा

विवाहाला दोन-तीन वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात पहिला प्रश्न स्त्रीला विचारला जातो. तिचे नवस सुरू होतात, उपवास सुरू होतात, पुढे तिच्याच तपासण्या सुरू होतात. मराठी भाषेने अशा स्त्रीसाठी 'वांझ' हा बोचरा शब्द राखून ठेवला आहे. पुरुषासाठी तितका रुळलेला शब्द बोलीत क्वचितच ऐकू येतो. छत्तीसगडच्या खेड्यांत हे ओझे आणखी जड होते. तेथे गावच्या बैगाकडे झाडफूक करून घेण्यासाठी प्रथम स्त्रीलाच नेले जाते. एकट्या, विधवा किंवा निपुत्रिक स्त्रीवर 'टोनही', म्हणजे चेटकीण, असल्याचा आरोप होण्याचे प्रकार इतके घडत आले की, राज्याला २००५ मध्ये टोनही छळ प्रतिबंधक कायदा करावा लागला.

वैद्यकशास्त्राचा अनुभव याहून वेगळा आहे. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचा दोष, एकटा किंवा स्त्रीच्या दोषाबरोबर, आढळतो. बारा महिने किंवा अधिक काळ नियमित आणि प्रतिबंधरहित शरीरसंबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर त्या स्थितीस वंध्यत्व म्हणतात. ही व्याख्या जोडप्याची आहे, दोघांपैकी कोणा एकाची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, जगातील साधारणपणे दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात केव्हा ना केव्हा या स्थितीला तोंड द्यावे लागते.

पुरुषाची पहिली तपासणी अत्यंत साधी आहे. एक स्वच्छ पात्र, एक चांगला सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित डोळा आणि दोन-तीन तासांचा अवधी एवढ्यावर ती होते. स्त्रीच्या गर्भनलिकांची तपासणी करायची तर क्ष-किरणांचा किंवा दुर्बिणीचा उपयोग करावा लागतो, प्रसंगी भूलही द्यावी लागते. असे असूनही पुष्कळ घरांत स्त्रीच्या सर्व तपासण्या आटोपल्यावरच पुरुष प्रयोगशाळेची पायरी चढतो. मधल्या काळात स्त्रीचे वय वाढत राहते आणि वयाबरोबर तिच्या बीजांडांची संख्या व गुणवत्ता घटत जाते. हा गेलेला काळ कोणत्याही उपचाराने परत मिळत नाही.

या विलंबामागे एक गैरसमज आहे. नपुंसकत्व आणि वंध्यत्व या दोन गोष्टी लोक एकच समजतात. वस्तुतः शरीरसंबंधाची पूर्ण क्षमता असलेल्या, दाढीमिशा व बांधा यांत कोणतेही न्यून नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. उलट, अशक्त दिसणारा पुरुष अनेक मुलांचा पिता असू शकतो. शुक्राणूंची स्थिती डोळ्यांना दिसत नाही आणि पुरुषाला स्वतःलाही जाणवत नाही. म्हणून परीक्षणाला पर्याय नाही.

शुक्राणूची ओळख

शुक्राणू मानवाच्या दृष्टीस प्रथम पडला तो १६७७ मध्ये. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म सृष्टी पाहात असे. योहान हाम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे वीर्याचा एक नमुना आणला. त्यात वळवळणारे शेपटीधारी जीव पाहून लेव्हेनहूकने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. या जीवांचे कार्य काय, हे मात्र पुढची दोनशे वर्षे वादाचे राहिले. १६९४ मध्ये हार्टसूकर याने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस कल्पनेने रेखाटला. अठराव्या शतकात इटलीतील स्पालान्झानी याने बेडकांच्या नरांना मेणकापडाच्या चड्ड्या घातल्या आणि वीर्याचा स्पर्श झाल्यावाचून अंडी फळत नाहीत हे दाखवून दिले. त्याने वीर्य टिपकागदातून गाळलेही. गाळून आलेल्या द्रवाची फलनशक्ती गेलेली होती आणि कागदावर उरलेल्या गाळात ती शिल्लक होती. तरीही फलन शुक्राणूंमुळे होते, हा निष्कर्ष त्याने काढला नाही. शुक्राणू आणि बीजांड यांच्या केंद्रकांचे मीलन प्रत्यक्ष पाहण्याचे श्रेय १८७५-७६ च्या सुमारास समुद्री साळूवर प्रयोग करणाऱ्या ओस्कार हर्टविग याला जाते.

मराठी वाचकांपुढे हा विषय उघडपणे मांडण्याचे धैर्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले; त्यांपैकी एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. प्रजननाचा विचार कुजबुजीतून बाहेर काढून शास्त्राच्या उजेडात आणावा, हा कर्व्यांचा आग्रह आजही जुना झालेला नाही.

शुक्राणू कसा घडतो

परीक्षणाचे आकडे समजून घेण्यासाठी शुक्राणूच्या निर्मितीची थोडी माहिती आवश्यक आहे. वृषणातील अतिसूक्ष्म नलिकांमध्ये मूळ पेशींचे वारंवार विभाजन होऊन शुक्राणू तयार होतात. या क्रियेला सुमारे ७४ दिवस लागतात. नंतर शुक्राणू वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात शिरतात आणि तेथील लांबलचक, नागमोडी नळीतून जाताना त्यांना पोहण्याची क्षमता येते. हा सर्व काळ धरला तर एका शुक्राणूची घडण साधारण तीन महिन्यांची असते. आज तपासलेले वीर्य म्हणजे गेल्या तीन महिन्यांचा वृत्तान्त होय. आठ आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला कडक ताप आजच्या अहवालात उमटू शकतो. आज सोडलेल्या व्यसनाचा लाभ मात्र आणखी तीन महिन्यांनी दिसतो.

वृषण शरीराच्या पोकळीबाहेर असतात, याचेही कारण येथेच आहे. शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तापमान लागते. ज्या बालकाचे वृषण जन्मानंतर अंडकोशात उतरत नाहीत, त्याच्यावर वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यास पुढे वंध्यत्व येण्याचा संभव असतो.

वीर्याच्या द्रवात शुक्राणूंचा वाटा अगदी अल्प, शेकडा दोन ते पाच इतकाच असतो. दोन तृतीयांशांच्या आसपास द्रव रेताशयांतून आणि उरलेला बहुतांशी प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. रेताशयाच्या स्रावात फ्रुक्टोज नावाची साखर असते. वीर्य अतिशय थोडे आहे, आम्लधर्मी आहे, त्यात फ्रुक्टोज नाही आणि शुक्राणूही नाहीत, अशी चारही चिन्हे एकत्र आढळली तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे किंवा रेतवाहिन्या जन्मतःच नाहीत, असा तर्क करता येतो. एका साध्या रासायनिक परीक्षेतून शरीराच्या आतील रचनेचा असा बोध होतो.

नमुना

वीर्यपरीक्षणातील पुष्कळशा चुका सूक्ष्मदर्शकाजवळ होत नाहीत. त्या नमुना घेतानाच होतात. नमुना देण्यापूर्वी किमान दोन व जास्तीत जास्त सात दिवस वीर्यपतन झालेले नसावे. त्याहून कमी अंतर ठेवल्यास संख्या कमी दिसते. फार अधिक ठेवल्यास संख्या वाढते, पण जुन्या व निश्चल शुक्राणूंचे प्रमाणही वाढते. पात्र रुंद तोंडाचे, स्वच्छ आणि शुक्राणूंना अपाय न करणारे असावे. बाजारात मिळणाऱ्या निरोधात नमुना घेऊ नये, कारण त्यातील रसायने शुक्राणूंना मारतात. वीर्याच्या पहिल्या अंशात शुक्राणू सर्वांत दाट असतात. म्हणून आरंभीचे थेंब सांडल्यास तसे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. संकोचाने ही गोष्ट लपविली, तर अहवाल खरा असूनही फसवा ठरतो.

नमुना २० ते ३७ अंश तापमानात ठेवून शक्यतो अर्ध्या तासात, निदान एका तासाच्या आत तपासणीस घेतला पाहिजे. रायपूरमध्ये या नियमाला विशेष अर्थ आहे. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घरून आणलेली, दुचाकीच्या डिकीत ठेवलेली बाटली अर्ध्या तासात निकामी होऊ शकते. शिवाय रायपूरच्या रुग्णालयांत येणारे सर्वच लोक शहरातले नसतात. १९६३ मध्ये स्थापन झालेले तेथील वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांच्याकडे बस्तरपासून सरगुज्यापर्यंतचे आणि ओडिशाच्या पश्चिम जिल्ह्यांतलेही रुग्ण येतात. जगदलपूरहून रायपूर सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. इतक्या दुरून आलेल्या पुरुषाने नमुना प्रयोगशाळेतच देणे क्रमप्राप्त असते. त्यासाठी कडी लागणारी, शांत अशी स्वतंत्र खोली लागते. ही सोय किरकोळ वाटली तरी तिच्यावाचून परीक्षण विश्वसनीय होत नाही. सार्वजनिक शौचालयात, दारावर थापा पडत असताना दिलेला नमुना बहुधा अपुरा असतो.

मोजणी

ताजे वीर्य घट्ट असते. ते १५ ते ३० मिनिटांत पातळ होते. एक तासानंतरही ते पातळ न झाल्यास तशी नोंद करतात. त्यानंतर वीर्याचे आकारमान पाहतात. त्यासाठी पात्राचे वजन करणे ही उत्तम रीत होय, कारण एक मिलिलिटर वीर्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम भरते. नळीतून ओतून मोजल्यास काही भाग नळीला चिकटून राहतो.

शुक्राणूंची गणना न्यूबाउअर नावाच्या काचपट्टीवर करतात. या पट्टीवर ठरावीक मापाचे चौकोन कोरलेले असतात. वीर्य ठरावीक प्रमाणात विरल करून तिच्यावर ठेवतात आणि चौकोनांतील शुक्राणू मोजतात. दोन वेगवेगळ्या भागांतून प्रत्येकी किमान २०० शुक्राणू मोजावेत असा नियम आहे. त्यामागे संख्याशास्त्र आहे. ४०० शुक्राणू मोजले तर केवळ योगायोगाने येणारी चूक सुमारे ५ टक्के असते. २५ च मोजून थांबल्यास ती २० टक्क्यांवर जाते. घाईने केलेल्या मोजणीवर एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरू नये, यासाठी हा नियम आहे.

दुसरी गोष्ट गतीची. काही शुक्राणू वेगाने पुढे जातात, काही मंदपणे पुढे सरकतात, काही जागच्या जागी वळवळतात आणि काही निश्चल असतात. बीजांडापर्यंत पोहोचण्याच्या दृष्टीने पुढे जाणाऱ्यांनाच महत्त्व असते. निश्चल शुक्राणूंचे प्रमाण फार असेल, तर ते मेलेले आहेत की जिवंत असूनही हलू शकत नाहीत, हे पाहावे लागते. त्यासाठी इओसिन हा लाल रंग वापरतात. मृत पेशीचे आवरण फुटलेले असल्याने तिच्यात रंग शिरतो. जिवंत पेशी पांढरीच राहते. सारे जिवंत आणि तरीही सारे निश्चल असे आढळले, तर शेपटीच्या रचनेतच जन्मजात दोष असण्याची शक्यता असते.

तिसरी गोष्ट आकाराची. काचेवर पातळ थर देऊन, तो रंगवून प्रत्येक शुक्राणूचे डोके, मान व शेपटी पाहतात. येथे वाचकाला धक्का बसण्याचा संभव आहे. आज वापरात असलेल्या कडक निकषांनुसार केवळ ४ टक्के शुक्राणू निर्दोष आकाराचे असले, तरी ते प्रमाण मान्य मर्यादेत धरले जाते. "९६ टक्के सदोष" असे वाचून हादरून जाण्याचे कारण नाही. मानवजातीत ही स्थिती सर्वसाधारण आहे.

याखेरीज पांढऱ्या पेशींची संख्या जंतुसंसर्गाची सूचना देते आणि शुक्राणू एकमेकांना चिकटलेले दिसले, तर शरीराने स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण केली आहेत काय याचा शोध घेतात.

आकड्यांचा अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेने वीर्यपरीक्षणाची मार्गदर्शिका प्रथम १९८० मध्ये काढली. तिची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. या आवृत्तीत दिलेल्या किमान मर्यादा अशा : वीर्याचे आकारमान १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमध्ये १६ दशलक्ष, म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, संपूर्ण वीर्यात एकूण ३९ दशलक्ष, एकूण गतिमान ४२ टक्के, त्यांत पुढे जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, निर्दोष आकाराचे ४ टक्के.

हे आकडे आले कोठून? ज्या पुरुषांच्या पत्नींना प्रयत्न सुरू केल्यापासून एका वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचे वीर्य तपासले आणि त्यांना चढत्या क्रमाने मांडले. त्या रांगेत तळचे पाच टक्के जेथे संपतात, तेथे ही रेघ ओढलेली आहे. याचा अर्थ असा की, पिता झालेल्या शंभर पुरुषांपैकी पाच जण प्रत्येक रेघेच्या खालीच होते. आणि रेघेच्या वर असूनही पिता न झालेले पुरुषही पुष्कळ आहेत. म्हणून ही रेघ म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची सीमा नव्हे. संख्येची मर्यादा जुन्या आवृत्त्यांत २० दशलक्ष होती, २०१० मध्ये ती १५ झाली आणि आता १६ आहे. पुरुष तेच असले तरी रेघ सरकली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक उदाहरण घेऊ. एका पुरुषाच्या वीर्यात दर मिलिलिटरमध्ये १२ दशलक्ष शुक्राणू आहेत, पण आकारमान ४ मिलिलिटर आहे. एकूण संख्या ४८ दशलक्ष होते. दुसऱ्याच्या वीर्यात दर मिलिलिटरमध्ये ३० दशलक्ष आहेत, पण आकारमान एकच मिलिलिटर; एकूण संख्या ३० दशलक्ष. एकाच ओळीकडे पाहिले, तर पहिला सदोष आणि दुसरा निर्दोष ठरतो. एकूण बेरीज पाहिली, तर चित्र उलटते. अहवाल वाचताना सर्व ओळी एकत्र वाचाव्या लागतात त्या यासाठी.

शिवाय एकाच पुरुषाचे आकडे एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात दुपटी-तिपटीने बदलू शकतात. म्हणून पहिल्या अहवालात दोष दिसल्यास काही आठवड्यांच्या अंतराने दुसरे परीक्षण केल्याशिवाय निदान करू नये. एका कागदावरून आयुष्याचा निवाडा करणे अशास्त्रीय आहे.

शून्य संख्या

वीर्यात शुक्राणू मुळीच नसणे हा सर्वांत कठीण निकाल. तो देण्यापूर्वी नमुना वेगाने फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासावा लागतो, कारण एखाद-दुसरा शुक्राणू सापडला तरी उपचाराची दिशा बदलते. शून्य संख्येचे दोन प्रकार आहेत. एकात वृषण उत्पादन करीत असतात, पण वाट बंद असते; जन्मजात दोष, जुना जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा नसबंदी ही त्याची कारणे होत. दुसऱ्यात उत्पादनच बंद असते किंवा अत्यल्प असते. वृषणांचा आकार आणि रक्तातील संप्रेरकांचे प्रमाण यांवरून दोहोंतील भेद पुष्कळदा कळतो.

उत्पादनच नसलेल्यांपैकी काहींत गुणसूत्रांचा दोष असतो. कोणात एक्स गुणसूत्र एक जास्त असते, तर कोणात पुरुषत्वाच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. हैदराबाद येथील पेशी व रेणू जीवविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी भारतीय पुरुषांतील अशा गळतीचा अभ्यास केला आहे. तुकडा कोणता गळाला यावर पुढची वाट ठरते. काही तुकड्यांच्या अभावी वृषणात शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू सापडत नाहीत. मग त्या पुरुषाला व्यर्थ शस्त्रक्रियेपासून वाचविता येते. इतर काही प्रकारांत शुक्राणू मिळतात, परंतु त्यांपासून झालेल्या मुलाकडे तोच दोष जातो. पित्याला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

छत्तीसगडमधील विशेष कारणे

पुरुषवंध्यत्वाची सर्वत्र आढळणारी कारणे येथेही आहेतच. वृषणाच्या शिरा फुगणे हे त्यांपैकी प्रमुख. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे १५ टक्के आणि वंध्यत्वाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत सुमारे ४० टक्के लोकांत ते दिसते. पण काही कारणांना या प्रदेशात अधिक महत्त्व आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग मध्य भारतातील अनेक समाजांत पसरलेला आहे. नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्येच या भागातील त्याच्या अस्तित्वाकडे लक्ष वेधले होते. रायपूर येथे राज्याची सिकलसेल संस्था कार्य करते. केंद्र शासनाने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू केली. या रोगात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. त्याचा परिणाम वृषणांवरही होऊन शुक्राणूंची संख्या व गती घटू शकते. वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रुग्णांना मोठा आधार देते, परंतु तेही शुक्राणूंची निर्मिती मंदावते. यावरून कोणीही हे औषध आपल्या मनाने बंद करू नये. तसे करणे जिवावर बेतू शकते. वयात आलेल्या तरुणाला औषध सुरू करण्यापूर्वी वीर्यपरीक्षण करून घेण्याची आणि इच्छा असल्यास शुक्राणू गोठवून ठेवण्याची माहिती द्यावी, हे योग्य. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात शुक्राणू वर्षानुवर्षे टिकतात. कर्करोगावरील उपचारांपूर्वीही हीच काळजी घेतात. तसेच पती-पत्नी दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणून कोणत्याही कृत्रिम गर्भधारणेपूर्वी दोघांचे रक्त तपासणे आवश्यक ठरते.

हत्तीरोगाचा उपद्रवही या प्रदेशाला जुना आहे. त्यामुळे होणाऱ्या अंडवृद्धीत वृषणाभोवती पाणी साठते आणि तेथील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. रायपूरपासून जवळच असलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यातील किंवा लहानमोठ्या ओतशाळांतील भट्ट्यांपुढे उभे राहणाऱ्या, तसेच तासन्‌तास तापलेल्या इंजिनाजवळ बसून ट्रक चालविणाऱ्या पुरुषाला डॉक्टरांनी कामाविषयी प्रश्न विचारलाच पाहिजे. तंबाखू हे आणखी एक कारण. येथे 'गुडाखू' नावाचे तंबाखू-गुळाचे मिश्रण दातांना लावण्याची चाल आहे. धूर निघत नाही म्हणून ते निरुपद्रवी, अशी समजूत चुकीची आहे.

रसायनांच्या बाबतीत १९७७ मधील कॅलिफोर्नियाचे उदाहरण बोलके आहे. तेथील एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे कृमिनाशक तयार होत असे. आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही, हे कामगारांच्याच आपसांतल्या बोलण्यातून ध्यानात आले. वीर्यपरीक्षण केल्यावर अनेकांत शुक्राणूंची संख्या अत्यल्प किंवा शून्य निघाली आणि पुढे त्या रसायनावर बंधने आली. एरवी खाजगी समजली जाणारी ही परीक्षा तेथे सार्वजनिक आरोग्याची साक्षीदार ठरली. धानाचे कोठार म्हणविल्या जाणाऱ्या प्रदेशात फवारणी करणाऱ्यांनी तोंडावर फडके व हातात मोजे वापरावेत, हा सल्ला या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

शेवटचे कारण नवे आहे आणि ते पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. शरीर कमावण्यासाठी तरुण मुले व्यायामशाळेत टेस्टोस्टेरोनची किंवा तत्सम द्रव्यांची इंजेक्शने घेतात. बाहेरून आलेले हे संप्रेरक मेंदूला उत्पादन पुरेसे असल्याची खोटी वर्दी देते. मेंदू वृषणांना आज्ञा देणे थांबवितो आणि शुक्राणूंची निर्मिती बंद पडते. पौरुष वाढविण्यासाठी घेतलेले औषध अशा रीतीने पितृत्वच हिरावून घेते. औषध थांबविल्यावर बहुतेकांत निर्मिती परत सुरू होते, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात.

प्रयोगशाळेतील गर्भधारणा

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली आणि शरीराबाहेर फलन झालेले पहिले मूल जगाने पाहिले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. पण त्यांच्या कार्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवनाचा शेवट करून घेतला. मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. पुढे मुखोपाध्याय यांची कागदपत्रे अभ्यासून, पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, असे आनंदकुमार यांनी स्वतः १९९७ मध्ये जाहीर केले.

शुक्राणूंच्या स्थितीनुसार उपचाराच्या पायऱ्या ठरतात. दोष सौम्य असेल, तर वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेगळे करून ते थेट गर्भाशयात सोडतात. वेगळे करण्याची एक रीत अशी : वीर्यावर पोषक द्रवाचा थर देतात, जे शुक्राणू स्वतः पोहून वरच्या थरात येतात, तेवढेच घेतात. दोष अधिक असेल, तर काचपात्रात बीजांडाभोवती हजारो शुक्राणू सोडून फलनाची वाट पाहतात. दोष तीव्र असेल, तर एकच शुक्राणू काचेच्या अतिसूक्ष्म सुईने बीजांडात टोचतात. ब्रसेल्स येथे विकसित झालेल्या या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांचे वृत्त १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ज्यांना आशा नव्हती अशा असंख्य पुरुषांना पितृत्व लाभले.

या पद्धतीने गुणवत्तेचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. निसर्गात कोट्यवधी शुक्राणूंतून काही शेकडाच बीजांडाजवळ पोहोचतात. येथे निवड तंत्रज्ञाच्या डोळ्याने होते. सुडौल दिसणाऱ्या शुक्राणूच्या डोक्यातील डीएनएचे धागे तुटलेले असू शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. अशी मोडतोड मोजण्याच्या परीक्षा आता उपलब्ध आहेत. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत त्यांचा विचार करता येतो. सरसकट सर्वांना त्या करण्याची शिफारस मात्र तज्ज्ञसंस्था करीत नाहीत.

महागड्या उपायांविषयी सावधगिरी हवी ती येथेच. पुरुषाच्या बाजूने दोष नसताना सुईने फलन केल्यास अपत्यप्राप्तीचे प्रमाण वाढत नाही, हे व्हिएतनाममध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात आढळले. शुक्राणू सुधारतात म्हणून विकल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही अमेरिकेतील २०२० च्या एका काळजीपूर्वक चाचणीत संख्या, गती वा डीएनए यांवर काही लाभ दिसला नाही. शेत गहाण टाकून उपचार करणाऱ्या कुटुंबाला हे कळणे अगत्याचे आहे.

भारतात या सेवांचे नियमन करणारा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक केंद्राची व शुक्राणुपेढीची नोंदणी आवश्यक आहे. सेवा घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते. शुक्राणुदात्यालाही २१ ते ५५ हीच मर्यादा लागू आहे. लिंगनिवड निषिद्ध आहे. उपचारापूर्वी जोडप्याला सर्व माहिती देऊन लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. केंद्राचे नोंदणीपत्र पाहण्यास मागणे हा म्हणून रुग्णाचा साधा हक्क होय.

समारोप

वीर्यपरीक्षण हे निदानाचे पहिले पाऊल आहे. ते पती-पत्नींनी तपासणीच्या आरंभीच, एकाच वेळी, प्रशिक्षित हातांकडून करून घ्यावे. दोष दिसल्यास पुन्हा करावे. आणि अहवालाबरोबर पुरुषाची शारीरिक तपासणी व त्याच्या आजारांची, औषधांची व कामाची विचारपूस व्हावी. पुष्कळदा त्या परीक्षेतून उपाय होण्याजोगे कारण सापडते. काही वेळा मात्र उपाय नसतो. तेव्हा दात्याचे शुक्राणू, दत्तक मूल किंवा अपत्याशिवाय सुखाने संसार हे सर्व मार्ग सारख्याच प्रतिष्ठेचे मानून जोडप्याने आपसांत निर्णय घ्यावा. निकाल काहीही लागो, वर्षानुवर्षे एकट्या स्त्रीच्या माथी मारला जाणारा दोष या तासाभराच्या परीक्षेने दूर होऊ शकतो आणि ती परीक्षा पुरुषाने स्वतःहून मागितली पाहिजे.